अत्तञ्ञू ते परिसञ्ञू : भीमाकाठच्या दोन तालुक्यांतून नेतृत्वाचा एक ऐतिहासिक विचार

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात शिरूर आणि दौंड हे दोन तालुके भीमा नदीच्या दोन तीरांवर वसलेले आहेत. उत्तरेकडून पुणे-नगर रस्ता शिरूरला म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या घोडनदीला जातो. दक्षिणेकडून पुणे-सोलापूर लोहमार्ग केडगाववरून दौंडला पोचतो. या दोन वाटांवरील काही घटनांचा आधार घेऊन नेता कसा घडतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आज समाजात नेते पुष्कळ आहेत, परंतु नेतृत्वाची उणीव जाणवते अशी तक्रार आपल्या विहाराविहारांतून ऐकू येते. ही तक्रार खरी असेल तर तिचे उत्तर केवळ व्यक्तींना दोष देऊन मिळणार नाही. ते आपल्या इतिहासात आणि तथागतांच्या धम्मात शोधावे लागेल.

अंगुत्तर निकायातील सातच्या वर्गात भगवान बुद्धांनी आदरास पात्र अशा पुरुषाचे सात गुण सांगितले आहेत. तो धम्म जाणतो, अर्थ जाणतो, स्वतःला जाणतो, मात्रा जाणतो, काळ जाणतो, परिषद जाणते आणि माणसे पारखतो. यातील तिसरा गुण अत्तञ्ञू आणि सहावा परिसञ्ञू हे आमच्या विवेचनाचे दोन आधार होत. येथे एक शंका संभवते. अनात्मवादी धम्मात ‘स्वतःला जाणणे’ कसले? त्याचे उत्तर त्याच सुत्तात आहे. अत्तञ्ञू म्हणजे एखाद्या नित्य आत्म्याचा शोध घेणारा नव्हे. आपली श्रद्धा, शील, श्रुत, त्याग, प्रज्ञा आणि प्रतिभान यांची आपल्यापाशी नेमकी किती शिदोरी आहे, याचा प्रामाणिक हिशेब ठेवणारा तो अत्तञ्ञू. परिसञ्ञू म्हणजे कोणत्या सभेत कसे जावे, कसे बसावे, काय बोलावे आणि केव्हा मौन राखावे हे जाणणारा. आत्मभान, संवाद आणि शील ही नेतृत्वाची तीन अंगे अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने सांगितली गेली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

शिरूरची छावणी आणि एका स्तंभाचे वाचन

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील कंपनी सरकारची एक तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याकडील फौजेच्या मदतीसाठी निघाली. तीत मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे सुमारे ५०० पायदळ शिपाई, काही घोडेस्वार आणि दोन तोफांसह मद्रासचे गोलंदाज असे एकूण ८३४ लोक होते. रात्रभर चालून ते १ जानेवारी १८१८ च्या सकाळी कोरेगावजवळ आले, तेव्हा पेशव्यांची मोठी फौज समोर दिसली. तिची एकूण संख्या सुमारे २८,००० सांगितली जाते. प्रत्यक्ष गावावरील हल्ल्यात मात्र तिचा लहानसाच भाग उतरला होता. दिवसभर अन्नपाण्यावाचून ही तुकडी गावात टिकून राहिली. कंपनीकडील २७५ लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. रात्री पेशव्यांच्या फौजेने वेढा उठविला आणि उरलेली तुकडी पुढे शिरूरलाच परतली. १८२१ साली कंपनी सरकारने भीमेच्या काठी, पेरणे गावच्या हद्दीत, विजयस्तंभाची पायाभरणी केली. त्यावर कोरलेल्या मृत शिपायांच्या ४९ नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी, म्हणजे महार शिपायांची आहेत.

या लढाईविषयी आपल्यामध्ये आणि आपल्याबाहेरही पुष्कळ अतिशयोक्ती झाली आहे. कंपनीच्या त्या पलटणीत महारांबरोबर इतर जातिधर्मांचे शिपाईही होते. पेशव्यांच्या फौजेत अरब, गोसावी आणि मराठे होते. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतू आपल्या राज्याचा विजय मिरविण्याचा होता. अस्पृश्यांची मुक्ती त्यांच्या मनात नव्हती. इतिहासाच्या अभ्यासकाने हे स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे, कारण सत्याला धरून राहणे हे सम्यक वाचेचे पहिले लक्षण आहे. मग या स्तंभाचे आपल्या दृष्टीने मोल काय? आमच्या मते ते स्तंभाच्या वाचनात आहे. स्तंभ उभारणाऱ्याने लिहिलेला अर्थ एक होता. त्यावरील २२ नावे वाचून आपल्या पूर्वजांनी नंतर काढलेला अर्थ दुसरा होता. ज्या माणसाला गावात सावलीचा विटाळ मानला जात असे, त्याचे नाव दगडावर कोरलेले आहे. मग त्याला कर्तृत्वहीन कोण म्हणणार? हा प्रश्न ज्या दिवशी उपस्थित झाला, त्या दिवशी त्या दगडाला नवा अर्थ प्राप्त झाला. आत्मभान हे असे वाचनातून येते. ते वारसाहक्काने मिळत नाही.

शिवराम जानबा कांबळे : ऐकणारा नेता

हे वाचन करणाऱ्या आरंभीच्या धुरीणांत शिवराम जानबा कांबळे यांचे स्थान मोठे आहे. १८९० नंतरच्या दशकात सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. शिपाईपणामुळे ज्या घरांत अक्षरओळख, निवृत्तिवेतन आणि थोडी प्रतिष्ठा आली होती, त्यांच्यावर हा मोठा आघात होता. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या निवृत्त सैनिकांनी आवाज उठविला. कांबळे हे स्वतः सैनिक नव्हते. ते पुण्यातील मेसॉनिक हॉलमध्ये बटलर म्हणून नोकरी करीत. पोटासाठी अशी नोकरी करणाऱ्या या गृहस्थाने १९०३ साली सासवड येथे ५१ गावांतील महारांची सभा भरविली आणि १,५८८ सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. १९१० साली त्यांनी भारतमंत्र्यांकडे पुन्हा निवेदन पाठविले. पोलीस, सैन्य आणि सरकारी नोकऱ्यांची दारे खुली करावीत अशी त्यात मागणी होती.

या अर्जांची भाषा राजनिष्ठेची आहे म्हणून आजचा तरुण कदाचित नाक मुरडील. परंतु परिसञ्ञू या गुणाचा विचार केला तर या भाषेचा उलगडा होतो. ज्या परिषदेपुढे बोलायचे तिची भाषा जाणून, परंतु आपली मागणी तसूभरही न सोडता, कांबळे बोलत होते. शिवाय त्यांच्या संवादाची दुसरी बाजू याहून महत्त्वाची आहे. १९०८ साली त्यांनी ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक सुरू केले. मुरळी आणि देवदासी प्रथेविरुद्ध त्यांनी जी मोहीम उघडली, तीत शिवूबाई या देवदासी भगिनीचे पत्र या मासिकातून प्रसिद्ध झाले. समाजाने जिला देवाच्या नावाने विकले होते, तिला बोलण्यास जागा मिळाली. नेत्याने आपल्या मुखाने सर्वांच्या वतीने बोलावे, ही नेतृत्वाची सामान्य कल्पना होय. कांबळ्यांनी आपल्या मासिकाचे पान तिच्या हाती दिले आणि स्वतः ऐकण्याची भूमिका घेतली. संवादकौशल्य म्हणजे वक्तृत्व असे आपण समजतो. वस्तुतः त्याचा अर्धा भाग श्रवणाचा आहे.

१ जानेवारी ते २० मार्च १९२७

१ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी भरलेल्या सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. कांबळे आणि त्यांचे सहकारी यांनी जी स्मृती जागती ठेवली होती, ती या दिवशी एका नव्या पिढीच्या हाती आली. पुढील अडीच महिन्यांतच, १९ व २० मार्च १९२७ रोजी, महाडची परिषद भरली आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. या दोन तारखा आम्ही मुद्दाम शेजारी ठेवीत आहोत. कोरेगावला बाबासाहेबांनी पूर्वजांच्या शौर्याचे स्मरण केले. महाडला त्या शौर्याची परीक्षा झाली, आणि ती परीक्षा शस्त्राविना झाली.

महाडच्या तळ्यावरून परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा परिषदेला आलेल्यांत सैन्यात नोकरी केलेले अनेकजण होते. प्रतिकार करण्याची त्यांच्यात ताकद होती आणि इच्छाही होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते, परंतु तळ्याविषयीचा दावा न्यायालयात असून मनाई हुकूम निघालेला होता. अशा वेळी टाळ्यांच्या मागे लागणारा पुढारी लोकांच्या क्षोभावर स्वार झाला असता. बाबासाहेबांनी सभेपुढे परिस्थिती मांडली, चर्चा होऊ दिली आणि सत्याग्रह स्थगित करण्याचा न रुचणारा सल्ला दिला. लोकांनी तो मानला. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन करून त्याच परिषदेने आपला निर्धार जगजाहीर केला होता. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. मधली दहा वर्षे धीर धरावा लागला. ज्या नेत्याने लोकांना कधी खोटे सांगितलेले नाही, त्याच्याच शब्दावर लोक दहा वर्षे धीर धरतात. नेत्याच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या शीलातून.

करड्याचा बहिष्कार : शील नसलेले साधन

शिरूर आणि दौंडच्या इतिहासातील एक वेगळी घटना येथे तपासून पाहणे आवश्यक आहे. १८७४ साली शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने हुकूमनामा मिळवून देशमुखाचे घर ताब्यात घेतले. त्यावरून गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांची शेते कोणी कसेना, न्हावी आणि पाणक्ये त्यांचे काम करीनात. हा बहिष्कार आसपासच्या गावांत पसरला. १२ मे १८७५ रोजी त्या काळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगल उसळली आणि तिचे लोण अनेक गावांत गेले. दंगेखोरांचा मुख्य रोख कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता. चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जाने पिचलेल्या कुणब्यांचा हा उठाव होता आणि त्यामागील दुःख खरे होते, याविषयी शंका नाही.

परंतु आपण याच घटनेकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. गावाने एकजुटीने एखाद्याचे पाणी, वाट, कामधंदा तोडावा, हे हत्यार करड्याला सावकारावर चालले. महाडनंतर हेच हत्यार गावोगावी महारांवर चालले. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सभासद होते. तिच्या १९३० च्या अहवालात अस्पृश्यांना दडपण्याचे साधन म्हणून सामाजिक बहिष्काराची नोंद झाली आहे. साधन तेच होते, एकजूट तीच होती, परंतु ती कोणाविरुद्ध वापरायची हे ठरविणारे मूल्य जागेवर नव्हते. सावकाराच्या जाचाविरुद्ध उठलेल्या गावाला स्वतः चालवीत असलेल्या जाचाचे भान आले नाही. संघटन झाले, परंतु अत्तञ्ञू कोणी झाला नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा होण्यास २०१६ साल उजाडावे लागले. यावरून केवळ संघटनकौशल्याला नेतृत्व म्हणता येणार नाही, हा बोध आम्ही घेतो.

केडगाव : आपली चूक ओळखणारी पंडिता

आता भीमेच्या दक्षिणेला, दौंड तालुक्यातील केडगावकडे वळू. येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या फेऱ्यात गेले. पुढे कलकत्त्याला त्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव झाला. ब्राह्मण कुळातील या विदुषीने १८८० साली ब्राह्मणेतर बंगाली गृहस्थाशी विवाह केला आणि दोन वर्षांत त्या विधवा झाल्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पुण्यात मोठा गदारोळ माजला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू घेतली. आम्ही बौद्ध आहोत आणि रमाबाईंचा मार्ग वेगळा होता. तथापि गुणांची पारख करताना धर्माची भिंत आड येऊ देऊ नये.

रमाबाईंच्या आयुष्यातील आम्हास सर्वांत उद्बोधक वाटणारी गोष्ट त्यांच्या दृष्टीत झालेल्या बदलाची आहे. १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचा विषय त्याच्या नावापासूनच उच्चवर्णीय हिंदू स्त्रीपुरता मर्यादित होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले आणि पुढे पुण्यास आलेले शारदा सदन हेही मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. नंतर १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा असे दोन भीषण दुष्काळ पडले. मध्य प्रांतात आणि गुजरातेत जाऊन उपासमारीने मरणाऱ्या मुली आणि स्त्रिया रमाबाईंनी आणल्या. त्यांत सर्व जातींच्या मुली होत्या. बालपणी दुष्काळात स्वतः उपाशी फिरलेल्या या स्त्रीला दुष्काळाने पुन्हा एकदा शिकविले. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले आणि त्याचे दार जात न विचारता उघडले. आरंभी आखलेली आपली मर्यादा अपुरी होती हे ओळखून, तिचे समर्थन करीत न बसता, ती कृतीने ओलांडणे हे आत्मभानाचे उत्तम उदाहरण होय.

संवादाच्या बाबतीतही केडगाव बोलके आहे. तेथे छापखाना चालला आणि स्त्रियांनी खिळे जुळविण्याचे काम केले. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण देण्यात आले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. साध्या, कमी शिकलेल्या स्त्रियांना समजेल अशी भाषा वापरण्याचा त्यांचा आग्रह होता. मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांचा अंत झाला. भगवान बुद्धांनी आपला उपदेश लोकांच्या बोलीत द्यावा असा दंडक घातला होता, हे आपल्या वाचकांस ज्ञात आहेच. विद्वत्ता असूनही लोकभाषेकडे उतरून येणे, किंबहुना चढून जाणे, याला आम्ही थोर संवाद म्हणतो.

हत्थकाचे उत्तर

अंगुत्तर निकायात आळवीच्या हत्थक उपासकाची कथा आहे. पाचशे उपासकांसह तो तथागतांच्या भेटीस आला, तेव्हा एवढा मोठा समुदाय तू कसा सांभाळतोस, असे भगवंतांनी त्यास विचारले. चार संग्रहवस्तूंनी, असे त्याने सांगितले. दान, प्रियवचन, अर्थचर्या आणि समानात्मता ही ती चार होत. ज्याला ज्याची गरज असेल त्याला ते देऊन तो माणसे जोडीत असे. आम्ही पाहिलेली उदाहरणे या चौकटीत ठेवून पाहता येतात. कांबळ्यांनी आपल्या मासिकाचे पान दिले, ते दान होय. प्रियवचन म्हणजे गोड बोलणे नव्हे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी दिलेला न रुचणारा, परंतु हिताचा सल्ला हे खरे प्रियवचन. दुष्काळात धावून जाणे ही अर्थचर्या. समानात्मता मात्र सर्वांत कठीण. आपल्या अनुयायांसारखेच जगणे, त्यांच्याहून वरचे आसन न मागणे, हा तिचा अर्थ. कार्यक्रमपत्रिकेत आपले नाव कितव्या ओळीत आले यावरून जेथे मंडळे फुटतात, तेथे हत्थकाचे हे चौथे उत्तर पुन्हा पुन्हा वाचले गेले पाहिजे.

स्तंभापाशी उभे राहताना

दरवर्षी १ जानेवारीला लाखो लोक स्तंभाला मानवंदना देण्यासाठी येतात. १ जानेवारी २०१८ रोजी, लढाईला दोनशे वर्षे पूर्ण होत असताना, या परिसरात हिंसाचार झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. राज्य शासनाने चौकशी आयोग नेमला. त्या प्रकरणाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आम्हास सतावीत आहे. भिमेच्या दोन्ही तीरांवरील गावांत माणसे एकमेकांशेजारी राहतात, एकाच बाजारात जातात, एकाच पाण्यावर शेती करतात. त्यांच्यामध्ये वर्षातील उरलेल्या ३६४ दिवसांत संवाद होतो काय? तो होत नसेल तर एका दिवसाच्या बंदोबस्तावर किती विसंबून राहणार? संवाद साधणे म्हणजे आपला हक्क सोडणे नव्हे. महाडला हक्क सोडला नव्हता आणि हातही उगारला नव्हता.

दुसरा प्रश्न स्वतःला विचारण्याचा आहे. शौर्याचा अभिमान जरूर असावा. परंतु तो आपल्या ओळखीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. बाबासाहेबांनी १९४१ साली महार रेजिमेंटच्या उभारणीसाठी प्रयत्न केले आणि तेच बाबासाहेब १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आम्हास बुद्धाकडे घेऊन गेले. कोरेगावच्या स्तंभापासून नागपूरच्या दीक्षाभूमीपर्यंतचा हा प्रवास समजून न घेता जो केवळ स्तंभापाशी थांबतो, त्याने बाबासाहेबांचा अर्धाच मार्ग चालला असे म्हणावे लागेल. रणांगणावर दुसऱ्याला जिंकणाऱ्यापेक्षा स्वतःला जिंकणारा श्रेष्ठ, ही धम्माची शिकवण आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. ती १ जानेवारीलाही तितकीच खरी असते.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील विहारांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवू इच्छितो. वर्षावासात ग्रंथवाचन होतेच. त्याच काळात प्रत्येकाने अत्तञ्ञू सुत्तातील सहा गोष्टींवर स्वतःचा हिशेब मांडावा. श्रद्धा किती, शील किती, श्रुत किती, त्याग किती, प्रज्ञा किती आणि बोलण्याची समज किती. हा हिशेब दुसऱ्याला दाखवावयाचा नाही, म्हणून तो खोटा मांडण्याचेही कारण नाही. त्यानंतर विहारातील एका बैठकीत पदाधिकाऱ्यांनी भाषण न करता केवळ ऐकावे. त्या दिवशी वस्तीतील भगिनी, शेतमजूर, शाळा सुटलेली मुले यांनी बोलावे. शिवूबाईच्या पत्रासाठी एका मासिकाचे पान मोकळे झाले होते. आपल्या विहारातील एक सायंकाळ तशी मोकळी ठेवणे कठीण नसावे. त्या सायंकाळी जो शांतपणे ऐकून घेईल, त्याच्याकडे उद्याचे नेतृत्व आपोआप चालून येईल, असा आमचा विश्वास आहे.